सोबत आलेल्याची सही

सोमवार, ४ नोव्हेंबर

खोली छान आहे. काळाचौकीला, चाळीच्या पहिल्या मजल्यावर, गॅलरीच्या टोकाला. दहा बाय बारा. मोरी आतच आहे. मोरीच्या वर झरोका आहे, त्यातून दुपारी उन्हाचा एक चौकोन जमिनीवर पडतो आणि हळूहळू भिंतीवर चढतो. आज तासभर तो पाहत बसलो. कामावर उद्यापासून जायचं आहे.

सकाळी लांज्याहून पोचलो तेव्हा गॅलरीत अजून कंदील लटकत होते. काल भाऊबीज झाली, त्यामुळे चाळ उशिरा उठत होती. शेजारच्या नलूमावशींनी न विचारता चकल्यांचा डबा आणून ठेवला. त्या पंच्याहत्तरीच्या असतील. दोन्ही कानांत मशीन आहे. मुलगा विरारला असतो, त्या इथे एकट्या. माझं नाव विचारलं. गौतम म्हणालो. वय विचारलं. चाळीस म्हणालो. लग्न झालं का? नाही. मग म्हणाल्या, झिला, आता तुका मुलगी गावाची नाय, एखादी नर्सच गावतली. मी म्हणालो, मावशी, नर्स मीच आहे. त्या इतक्या हसल्या की एका कानातलं मशीन निघून आलं.

सामान थोडं आहे. एक ट्रंक, एक गादी, आईची काठी. आई ऑगस्टमध्ये गेली. तिची लुगडी वाटली, खाट देऊन टाकली, काठी राहिली. टोकाला काळं रबरी बूच आहे. झरोक्याची काच उघडायला नेमकं तेवढ्याच लांबीचं काहीतरी लागत होतं. आणली ते बरं झालं.

नवी वही. रोज लिहायचं ठरवलं आहे. बोलायला कोणी नाही म्हणून नव्हे, सवय असावी म्हणून.

मंगळवार, ५ नोव्हेंबर

एंडोस्कोपी सेंटर परळला आहे, जुन्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्टला लोखंडी जाळीचं दार आहे आणि ती रामजी चालवतो. किल्ली त्याच्या कमरेला असते. रामजी नसेल तर लिफ्ट नाही.

सेंटर डॉ. कारखानीसांचं. पोटातली दुर्बीण तेच घालतात. बाकी सगळं दर्शना सिस्टर चालवतात. मला सगळे ब्रदर म्हणतात. सकाळी आलेल्या पेशंटचा फॉर्म भरायचा, हाताला सुई लावायची, आणि तपासणी झाली की रिकव्हरीच्या चार खाटांवर लक्ष ठेवायचं. गुंगीत असलेला माणूस श्वास घ्यायचा विसरतो. त्याला हाक मारायची, खांदा हलवायचा, मोठा श्वास घ्या म्हणायचं. आज दोनशे वेळा तरी म्हणालो असेन. घरी आल्यावर कुकरलाही म्हणालो.

गुंगी दिलेल्या माणसाला एकट्याने घरी सोडत नाहीत. सोबत कोणीतरी हवं, फॉर्मवर त्याची सही हवी, आणि नातं लिहावं लागतं. ज्यांना कोणी नसतं ते रामजीला चहा पाजतात आणि रामजी सही करतो. आज तो एका पारशी बाईंचा भाचा होता आणि एका निवृत्त मास्तरांचा धाकटा भाऊ. हे सगळ्यांना ठाऊक आहे, डॉक्टर सोडून. रामजी म्हणतो, माझं खानदान एवढं वाढलंय ब्रदर, मी मेलो तर अर्धं परळ सुतकात बसेल.

जेवणाच्या सुट्टीत दर्शना सिस्टरांनी मला त्यांच्या डब्यातली भाजी वाढली. चांगली जागा आहे.

शुक्रवार, ८ नोव्हेंबर

मंगळवारी आणि शुक्रवारी भूलतज्ज्ञ येतात, डॉ. ऋता. इतर दिवशी डॉक्टर स्वतःच साधी गुंगी देतात. थोडं मिडाझोलम, थोडं फेंटानिल. बहुतेकांना तेवढं पुरतं.

डॉ. ऋतांना शिकवायची हौस आहे. फॉर्म पुढे घेऊन त्यांनी नवव्या प्रश्नाखाली पेनाने रेघ मारली. झोपेत घोरता का, श्वास मध्येच थांबतो का. म्हणाल्या, बाकी काही चुकलं तरी चालेल, हा चुकवू नका. काही माणसांचा घसा झोपेत मिटतो. हवा अडते. ती गुदमरून अर्धवट जागी होतात, एक श्वास ओढतात आणि परत झोपतात. एका रात्रीत शंभर वेळा. सकाळी त्यातलं काही आठवत नाही. डोकं दुखतं आणि दिवसा पेंग येते, एवढंच. अशा माणसाला गुंगी दिली की घसा मिटतो आणि मिटलेलाच राहतो, कारण ज्या जागं होण्याने तो रोज वाचतो ते जागं होणंच आपण औषधाने काढून घेतलेलं असतं. असे पेशंट फक्त त्यांच्या दिवशी घ्यायचे. औषध कमी, डोकं उंच, नाकाशी श्वासाची रेघ दाखवणारी नळी. नाहीतर गुंगी द्यायचीच नाही, घशात फवारा मारून तपासायचं.

मी विचारलं, बोटाला चिमटा असतो, ऑक्सिजनचा आकडा समोर दिसतो, मग कळणार नाही का? त्या म्हणाल्या, नाकात ऑक्सिजन चालू असला की श्वास बंद पडल्यावरही आकडा बराच वेळ सत्त्याण्णव राहतो. आकडा उशिरा येतो. हे कुठेतरी लिहून ठेवा. म्हणून लिहिलं.

आणि नववा प्रश्न पेशंटला विचारायचा नाही. शेजारी झोपणाऱ्याला विचारायचा. आज एका बाईंना विचारला. त्यांचे यजमान तिथेच बसले होते. बाई म्हणाल्या, घोरतात म्हणजे? गणपतीत दहाला स्पीकर बंद होतो, आमच्या मजल्यावर चालूच असतो. यजमान म्हणाले, खोटं आहे, मी तर एकदाही ऐकलं नाही. सगळी वेटिंग रूम हसली. मीही हसलो.

येताना चालत आलो. शेजारी कोणी झोपतच नसेल तर नवव्या प्रश्नाचं उत्तर कुठे असतं, हे मला कळेना.

रविवार, १० नोव्हेंबर

सुट्टी. नलूमावशी मुलाकडे गेल्या आहेत. लालबागला मसाल्याच्या गल्लीतून फिरून आलो. तिथे कांडपाच्या यंत्रांच्या आवाजात बायका एकमेकींच्या कानाशी तोंड नेऊन बोलत होत्या. मिरचीने मला शिंका आल्या, एका बाईने पाणी दिलं. आज तेवढंच कोणाशी बोलणं झालं.

सकाळपासून डोकं जड आहे. उजव्या बरगडीखालीही दुखतंय. गादी पातळ आहे.

दुपारी उन्हाचा चौकोन पाहत पडलो होतो, तेव्हा आई आठवली. अर्धांगवायूनंतर तिची वाचा गेली. सहा वर्षं मी तिच्या खाटेशेजारी जमिनीवर झोपलो. ती रात्रीतून दहा-दहा वेळा मला काठी टोचायची, इथेच, बरगडीखाली. मी धडपडून उठायचो. काय हवंय? पाणी दाखवायचो, भांडं दाखवायचो, पांघरूण दाखवायचो. ती प्रत्येकाला मान हलवायची. काही नको. मी पडायचो, डोळा लागायचा, की परत काठी. एकदा चिडून काठी हिसकावली आणि पडवीत नेऊन ठेवली. त्या रात्री ती चांगल्या हाताने खाटेची फळी आपटत राहिली, उजाडेपर्यंत. सकाळी हात सुजला होता.

तिला काय हवं असायचं ते शेवटपर्यंत कळलं नाही.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

नीट लिहितो.

रघुवीर परब. सहासष्ट वर्षं. घोडपदेवला राहतात, गोदीत क्रेन चालवायचे. बायको जाऊन अकरा वर्षं झाली. मान जाड, शर्टाचं वरचं बटण लागत नव्हतं. बाकावर बसल्या बसल्या झोपले, तोंड उघडं. मी उठवलं तर ओशाळले. म्हणाले, पेपर वाचतानाही लागते हो, क्रेनवर कधी लागली नाही हे गोदीचं नशीब. आज गुरुवार, डॉ. ऋता नसतात.

सोबत: रामजी. नातं: मेहुणा. सही करून रामजी परत लिफ्टकडे पळाला, खालून घंटा वाजत होती. नवव्या प्रश्नापाशी मी थांबलो. परबकाका पुन्हा झोपले होते. त्यांच्यामागे चौदा जण होते. मी ‘नाही’वर खूण केली.

तपासणी व्यवस्थित झाली. रिकव्हरीत दुसरी खाट. मी हाक मारली, ते हं म्हणाले. आकडा सत्त्याण्णव. दर्शना सिस्टरांनी पुढच्याचा फॉर्म भरायला बाहेर बोलावलं. मी आकड्याकडे पाहिलं आणि गेलो.

परत आलो तेव्हा त्यांचं तोंड भिंतीकडे होतं. छाती वरखाली होत होती, पण नाकाशी हात धरला तर हवा नव्हती. आकडा त्यानंतर उतरायला लागला. माझ्यादेखत. नव्वद, ऐंशी, एकसष्ट.

गुंगी उतरवणारं उलटं औषध दिलं, डॉक्टरांनी घशात श्वासाची नळी घातली. मोठ्या हॉस्पिटलात हलवलं. लिफ्टमध्ये स्ट्रेचर मावलं नाही, चादरीत धरून जिन्याने उतरवलं. डोक्याच्या बाजूला रामजी होता. तीन मजले तो मागे मागे चालत उतरला.

शुक्रवार, १५ नोव्हेंबर

डॉक्टरांनी विचारलं, नववा प्रश्न कोणाला विचारलात? मी म्हणालो, सोबत आलेल्याला. तो काय म्हणाला? नाही म्हणाला.

डॉ. ऋता म्हणाल्या, लिफ्टमनला विचारलंत? मी म्हणालो, फॉर्मवर मेहुणा लिहिलं होतं. मी नवीन आहे.

मी विचारलंच नव्हतं. इथे लिहून ठेवतो. कुठेतरी लिहिलेलं असावं.

सोमवार, १८ नोव्हेंबर

परबकाका शनिवारी गेले. भांडुपहून एक पुतण्या आला आणि कागद घेऊन गेला. कोणाला काही विचारलं नाही त्याने.

रामजीला काढलं. खोटं नातं लावून सही केली म्हणून. मी फॉर्म लावत होतो तेव्हा तो टेबलाशी येऊन उभा राहिला. वाटलं, शिव्या देईल. हळू आवाजात म्हणाला, ब्रदर, तुम्ही मला विचारलं होतं का? मी फॉर्म लावत राहिलो. तो म्हणाला, विचारलं असेल. लिफ्टची घंटा वाजत होती, माझ्या लक्षात नसेल. किल्ली टेबलावर ठेवली आणि जिन्याने खाली गेला.

लिफ्टला कुलूप आहे. नवा माणूस जानेवारीत. पेशंट धापा टाकत वर येतात.

दर्शना सिस्टरांनी आज डबा पुढे केला. भूक नव्हती.

गुरुवार, २१ नोव्हेंबर

आंघोळ करताना पाहिलं. उजव्या बरगडीखाली गोल काळानिळा डाग. एक नाही, तीन. एकावर एक चढलेले. बोटांनी मापून पाहिले.

काठीचं बूच त्यावर ठेवलं. बरोबर बसलं.

मी काठी मोरीत, झरोक्याखाली ठेवतो. सकाळी गादीशेजारी पडलेली असते. गेले आठ-दहा दिवस मला वाटत होतं, मीच आणून टाकत असेन.

डोकं सतत दुखतं. दुकानातून दुखणं थांबवायच्या गोळ्या आणल्या.

रविवार, २४ नोव्हेंबर

काल निजताना फोन रेकॉर्डिंगला लावून ठेवला. आज दुपारी बाराला गॅलरीत बसून ऐकलं. खाली पोरं क्रिकेट खेळत होती. आत बसून ऐकवलं नसतं.

घोरणं. मोठं, घाणेरडं. मी असा घोरतो हे मला माहीत नव्हतं. मग एकदम शांतता. घड्याळ धरलं. एकतीस सेकंद. मग रबर जमिनीवर टेकल्याचा आवाज, टक. मग माझ्या तोंडून घरघर, बुडताना वर आल्यासारखी. आणि मग मी बोलतो. झोपेत, अगदी स्पष्ट.

काय हवंय?

उत्तर नाही. पुन्हा घोरणं. पुन्हा शांतता. टक. काय हवंय?

सकाळपर्यंत सेहेचाळीस वेळा.

खोलीला आतून कडी होती.

सोमवार, २५ नोव्हेंबर

तिला कळलं असेल का. परबकाकांचं. रामजीचं. म्हणून येते का —

मी तिला खूप वेळा मोठ्याने बोललो होतो.

मंगळवार, २६ नोव्हेंबर

काठी नलूमावशींना दिली. त्या गावी निघाल्या होत्या, देवगडला, जत्रेसाठी. बॅग घेऊन जिन्यात उभ्या, गुडघा धरून. म्हणाल्या, बरी आसा हां, माका चालूक बरी पडात. परत आणून देऊ काय? मी म्हणालो, नको. राहू दे तुमच्याकडेच.

मुलगा त्यांना घेऊन गेला. रबराचा आवाज चौकाच्या कोपऱ्यापर्यंत ऐकू येत होता. मग थांबला.

हलकं वाटलं. दार लावून हसलो सुद्धा.

गुरुवार, २८ नोव्हेंबर

दोन रात्री काही नाही. डाग पिवळे पडायला लागले.

पण उठवत नाही. सकाळी अलार्म अर्धा तास वाजत होता. डोकं फुटतंय. चार गोळ्या. सेंटरवर फॉर्म भरताना डोळा लागला. पेनाची रेघ पानाबाहेर गेली होती. बाकावरचा पेशंट माझ्याकडे पाहत होता.

शुक्रवार, २९ नोव्हेंबर

काल रात्री पुन्हा रेकॉर्डिंग लावलं. सकाळी जिन्यात बसून ऐकलं.

घोरणं. शांतता. चाळीस सेकंद. टक नाही. पंचावन्न. टक नाही. सत्तर. मग कुठून तरी माझा श्वास, फाटल्यासारखा. आणि लगेच पुन्हा शांतता.

काय हवंय, असं मी एकदाही म्हणत नाही.

मी क्रम चुकीचा लावला होता. मला वाटलं, ती टोचते म्हणून मी गुदमरतो. काठी नंतर यायची. आधी श्वास थांबायचा, मग काठी, मग श्वास.

सहा वर्षं. तिला काहीच नको होतं.

शेजारी झोपणाऱ्याला विचारायचा, असं डॉ. ऋता म्हणाल्या होत्या. मी रोज रात्री तिलाच विचारत होतो. तिला बोलता येत नव्हतं.

आणि काठी पडवीत ठेवली त्या रात्री —

आज डॉ. ऋता होत्या. त्यांच्या दारापर्यंत गेलो. म्हणाल्या, परबांबद्दल काही सांगायचं आहे का? मी म्हणालो, नाही. परत आलो.

रविवार, १ डिसेंबर

नलूमावशींच्या मुलाला फोन केला. म्हणाला, आई जानेवारीत येईल. काठी? काठीला काय झालं? फोनवर तिला काही ऐकू येत नाही हो.

भिंतीला टेकून बसून झोपतो. सकाळी आडवा सापडतो. काल अठ्ठ्याऐंशी सेकंद.

चाळीत शंभर माणसं आहेत. कोणाला सांगू, की रात्री माझ्याजवळ बसा?

बुधवार, ४ डिसेंबर

शौचाला काळं झालं. डांबरासारखं. काय आहे ते मला ठाऊक आहे. उपाशीपोटी गोळ्या.

उद्या गुरुवार.

गुरुवार, ५ डिसेंबर, सकाळी

तीन मजले चढताना दोनदा बसलो. डॉक्टरांनी डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली. म्हणाले, रक्त जातंय, आत्ताच बघू, पहिला नंबर तुमचा.

मी म्हणालो, गुंगी नको, फवारा मारून करा. ते म्हणाले, रक्त थांबवायला आत क्लिप लावावी लागली तर? हात बघा तुमचे, थरथरतायत. वेडेपणा करू नका, थोडीच देतो.

सोबत कोण, असं दर्शना सिस्टरांनी विचारलं. मग स्वतःच म्हणाल्या, राहू दे, मीच करते सही. नात्याच्या जागी बहीण लिहिलं. म्हणाल्या, पुढच्या भाऊबीजेला साडी घेईन हो, सोडणार नाही. मला रडू आलं. मी म्हणालो, सिस्टर, माझा श्वास थांबतो झोपेत. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. म्हणाल्या, ते परबांचं आता डोक्यातून काढा, किती दिवस घेऊन बसणार?

फोनवर आहे, ऐका म्हणायचं होतं. मग कधीपासून माहीत होतं, असं विचारतील. नववा प्रश्न इतका कळत होता तर त्या दिवशी काय केलंत, असं विचारतील.

बोलावतायत. टेबलावर सांगतो. नक्की सांगतो.

वही शर्टाच्या खिशात —

रिकव्हरी

झालं. जागा आहे. लिहिलं की झोप येत नाही.

सांगितलं. सुईतून औषध जाताना सांगितलं. रामजीला विचारलं नव्हतं, मी खूण केली. डॉक्टर म्हणाले बोलू नका, दहापासून उलटे मोजा. मी सांगत होतो. ते म्हणाले, लागलं बघा औषध, बडबडायला लागले.

दुसरी खाट आहे. तीच.

माझा फॉर्म उशाशी. नववा प्रश्न. नाही. सिस्टरांचं अक्षर. विचारलं नाही मला —

कोणाला विचारणार

नाकात नळी. आकडा सत्त्याण्णव.

सिस्टर होत्या. श्वास घ्या भाऊ म्हणाल्या. घेतला. बाहेर कोणी हाक मारली. फॉर्म. त्यांनी आकडा पाहिला. गेल्या.

मान भिंतीकडे जाते. आणतो परत. जाते —

टक

खाली. जिन्यात. रबर.

आई आहे. एक पाय ओढत. देवगडहून

लिफ्ट बंद. मी — रामजी असता तर. तीन मजले. आईला जिना चढवत नाही

टक. थांबली. दम खाते.

टक

पहिला मजला असेल. ये. टोच. काय हवंय नाही विचारणार

मान

हवा येत नाही छाती हलते. आकडा सत्त्याण्णव

टक

दुसरा

आकडा उशिरा